लोकल म्हणजे चांगलं की हलकं? पाकिटावर छापायचं आहे

अमळनेरची_सून
नमस्कार मंडळी. आमच्या जाऊबाईंच्या बचत गटाच्या बिबड्या (ज्वारीचे पापड), उडदाचे आणि नागलीचे पापड यंदा पाकिटात भरून विकायचं ठरलंय. आजवर सगळं ओळखीपाळखीत किलोवर जायचं. पाकिटाचं डिझाइन पुण्याच्या भाच्याने केलं. त्याने गटाचं नाव बारीक टाकलं आणि मधोमध हे मोठ्ठं 'लोकल' लिहून पाठवलं. म्हणे शहरात सध्या हाच शब्द चालतो, लोक दोन पैसे जास्त मोजतात.

गटातल्या बायकांनी ते मोबाइलवर बघितलं आणि कल्ला झाला. सासूबाईंनी तर सरळ विचारलं, "आपला माल लोकल शे, हाई आपनच सांगानं का?"

भाचा म्हणतो अर्थ 'स्थानिक' एवढाच आहे. बायका म्हणतात अर्थ 'हलका'. छपाईवाला दोन दिवस थांबायला तयार आहे. तुम्ही रोजच्या बोलण्यात हा शब्द कुठे आणि कशासाठी वापरता ते सांगा. डिक्शनरी घरात आहे, त्यातलं उतरवून देऊ नका.

केळीबाग_रावेर
ताई, केळीवाल्याला विचाराल तर सासूबाई बरोबर. आमच्याकडे 'लोकल' ऐकू आलं की भाव पडला असं समजायचं.

पॅकहाउसवर काय चालतं ते सांगतो. घड आला की फण्या सुट्या करतात, पाण्यातून काढतात. टेबलाशी उभा असलेला पोरगा फणी हातात फिरवून बघतो, केळ्याला कॅलिपर लावतो. जाडी बसली, डाग नाही, खरचटलेलं नाही, की फणी १३ किलोच्या खोक्यात. ते खोकं इराणला, दुबईला, अरबस्तानात. पण एखाद्या केळ्यावर पान घासल्याची काळी रेघ दिसली की तो मान वर न करता एकच शब्द बोलतो, "लोकल." त्याच खोडाची, त्याच घडाची फणी बरं का. पाणी तेच, खत तेच, राखण करणारा मीच. ती रेघ पडू नये म्हणून तर घड निसवला की आम्ही त्याला पिशवी घालतो.

आणि ही लोकल फणी रावेरात कोण विकत घेतो? आमच्या गावात केळी विकत घ्यायची पद्धतच नाही. ती ट्रकात बसते आणि दिल्ली, पंजाब, पार जम्मूपर्यंत जाते. हजार किलोमीटर लांब जाणारा माल आमच्या भाषेत लोकल.

साक्री_एक्सप्रेस
लोकल छापा आणि भाव एक्सपोर्टचा लावा. दोन्हीकडचं गिऱ्हाईक येईल.

दातांचा_डॉक्टर
हा शब्द माझ्या क्लिनिकमध्ये रोज घोळ घालतो. अक्कलदाढ काढायची असली की आम्ही म्हणतो, "लोकल देऊन काढू." म्हणजे तेवढ्याच भागाला भूल. माणूस जागा, गप्पा मारतोय, फक्त जबड्याचा तेवढा भाग बधिर. पारोळ्याकडचे एक काका खुर्चीत बसले होते. मी नर्सला म्हटलं, लोकल भरा. काकांनी माझा हातच धरला. "डॉक्टरसाहेब, लोकल नको. पैशाकडे बघू नका, कंपनीचं द्या."

त्यांना वाटलं मी स्वस्तातलं इंजेक्शन मारतोय. आता मी 'लोकल' म्हणायचं सोडलंय. "तेवढ्यापुरतं बधिर करतो" म्हणतो. पेशंटचा बीपी खाली राहतो.

जाता जाता, या लोकलचा इतिहास बराच मोठा आहे. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कोकेनचे थेंब वापरून दाखवले, तिथून जागेपुरती भूल सुरू झाली. आज आम्ही वापरतो ते लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी तयार केलं. तेव्हा काका, ते लोकल असलं तरी मूळ माल स्वीडनचा आहे.

धुळे_स्पेअर्स
डॉक्टर, हसून हसून पुरेवाट झाली. पण काकांची चूक नाही, त्यांना ही सवय आम्हीच लावली. मोटरसायकलच्या पार्टचं दुकान आहे माझं. काउंटरवर दिवसभर हेच.

"ब्रेक शू दाखवा."
"कंपनीचा देऊ की लोकल?"
"लोकल किती दिवस चालेल?"
"तुम्ही किती ब्रेक मारता त्यावर."

गिऱ्हाईक तीन प्रकारचं. स्वतःची गाडी असली की कंपनीचा. विकायला काढलेली असली की लोकल. मेव्हण्याची मागून आणलेली असली तर "काहीही टाका, भो."

आता मुद्दा. माझ्या दुकानातला एकही लोकल पार्ट धुळ्यात बनत नाही. सगळा माल दिल्ली आणि लुधियानाकडून ट्रान्सपोर्टने येतो. खोक्यावर कुठे कंपनीचं नाव नसतं, कुठे असतं ते उद्या बदलतं. केळीवाले भाऊंनी सांगितलं तसंच झालं की! त्यांचं लोकल हजार किलोमीटर जातं, माझं हजार किलोमीटरवरून येतं. म्हणजे या शब्दाचा गावाशी संबंधच राहिलेला नाही. आमच्या धंद्यात लोकल म्हणजे ज्याला धनी नाही असा माल. बिघडला तर कुणाच्या दारात जायचं ते माहीत नाही.

शब्दवेडा
ताईंनी डिक्शनरी नको म्हटलंय, तरी दोन ओळी सहन करा. लॅटिनमध्ये 'लोकस' म्हणजे जागा, त्यावरून 'लोकॅलिस', तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत. मुळात त्यात चांगलंही नाही आणि वाईटही नाही, नुसतं 'त्या जागेचं'.

मला जास्त मजा वाटते ती मराठीने त्याचं काय केलं याची. विशेषण म्हणून तो आपल्या 'सुंदर'सारखा वागतो. लोकल माल, लोकल मिरची, लोकल पार्ट, लिंग-वचन काही असो, हलत नाही. पण मुंबईला जाऊन तो नाम झाला आणि लगेच बाई झाला. ती लोकल. का? तर गाडी स्त्रीलिंगी. तिचं अनेकवचनही 'लोकली' न होता लोकलच राहिलं.

साक्री_एक्सप्रेस
दोन ओळी म्हणाले होते. मोजून बघा.

भुसावळ_जंक्शन
गाडीचं नाव निघालं आणि आम्ही गप्प बसू?

आपल्याकडे लोकल कधी नव्हतीच. आपली ती पॅसेंजर किंवा शटल. सुरत लाइनला धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा करत नंदुरबारला जाणारी गाडी प्रत्येक स्टेशनला थांबते, पण तिला कुणी लोकल म्हटलेलं माझ्या पूर्ण नोकरीत ऐकलं नाही. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला धावली, आणि तिथल्या माणसाला 'लोकल' शब्दाचा दुसरा अर्थ आठवतही नाही. माझा साडू यावलचा. पहिल्यांदा दादरला उतरला तेव्हा पाटीवर 'फास्ट लोकल' वाचून मला फोन. "लोकल म्हणता आन् फास्ट बी म्हणता, म्हंजे बसू का नको?"

आणखी एक. लोकल टाइम! रेल्वेने सगळ्या देशाचं घड्याळ एक करायच्या आधी प्रत्येक गावाचा बारा वेगळा होता. १ जानेवारी १९०६पासून एकच भारतीय वेळ आली, तरी मुंबई महापालिका हट्टाने स्वतःची वेळ पाळत राहिली, ३९ मिनिटं मागे. प्रमाणवेळेची रेषा ८२.५ अंशावर आहे, जळगाव साधारण ७५.५ वर. एका अंशाला ४ मिनिटं धरा. म्हणजे जळगावच्या डोक्यावर सूर्य सरासरीने साडेबाराला दोन मिनिटं कमी असताना येतो. 

गृहिणी_नंबर_१
आपण पापडावरून सूर्यापर्यंत गेलो. ताई, हे नेहमीचंच आहे, घाबरू नका.

चोपड्याचे_आबा
माझ्या वयाच्या माणसाला हा वाद ऐकून नवल वाटतं. आमच्या लहानपणी 'लोकल' म्हणजे सरकार होतं. लोकल बोर्डाची शाळा, लोकल बोर्डाचा दवाखाना, लोकल बोर्डाची सडक. पूर्व खानदेशाचं डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड जळगावला होतं आणि त्याचा ओव्हरसिअर गावात आला की पाटील उठून उभा राहायचा. लॉर्ड रिपनने १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, त्यातून ही बोर्डं फोफावली. पुढे १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि तो शब्द गेला. पण आमच्या आईच्या तोंडी शेवटपर्यंत शाळा 'बोर्डाचीच' होती.

तेव्हा लोकलचा अर्थ हलका कधी झाला ते मला माहीत आहे. बाजारात कंपन्यांचे डबे आले तेव्हा. आधी तेल घाण्यावरून यायचं, गूळ पालावरून. त्याला लोकल कोण म्हणणार? दुसरं काही नव्हतंच.

बॅग_आणि_टाय
आबा, वा! आम्ही एमआर लोक, म्हणजे औषध कंपन्यांचे फिरते प्रतिनिधी, अजून एका अर्थाने वापरतो. "आज लोकल आहे, उद्या शहादा-तळोदा." म्हणजे आज गावातच काम, रात्री घरी जेवण. भत्ता कमी मिळतो, पण बायको खूश. आमच्या लाइनमध्ये लोकल हा सगळ्यात आवडता शब्द आहे.

ठाण्याचा_खानदेशी
फोनचं विसरलात. लोकल आणि एसटीडी, म्हणजे गावातला फोन आणि बाहेरगावचा. पिवळ्या पीसीओच्या काचेवर रंगवलेलं असायचं. कॉलेजला जळगावात असताना लाल डब्यात रुपया टाकून लोकल फोन व्हायचा. घरी धुळ्याला करायचा तर ०२५६२ आणि मीटरवर एक डोळा. पुढे ९५ लावून स्वस्तात लागायला लागला. त्या काळात "लोकलच आहे ना, बोल निवांत" असं म्हणायचो. तिथे लोकल म्हणजे परवडणारं. हलकं नाही, आपल्या आवाक्यातलं.

आणि माणसांबद्दल? "तो लोकल आहे" याचे ठाण्यात दोन अर्थ होतात. सोसायटीच्या बायका नाक मुरडून म्हणतात तेव्हा गावंढळ. रिक्षा आडवी घालून कुणी "आम्ही लोकल आहोत" म्हणतो तेव्हा खाली उतरायचं नाही, काच वर करायची.

नंदुरबारी_तडका
ठाणेकर भाऊ, तो दुसरा अर्थ इकडे निवडणुकीत भेटतो. लोकल उमेदवार पाहिजे, बाहेरचा नको. आणि निवडून आला की तोच लोकल

नियामक
पुढचा भाग उडवला आहे. धागा पापडाचा आहे, उमेदवारांचा नाही. कृपया.

साक्री_एक्सप्रेस
नियामक, पंतप्रधानांच्या १२ मे २०२०च्या भाषणातलं 'लोकल के लिए वोकल' तरी चालेल का? त्या भाषणापासूनच तर पाकिटांवर हा शब्द वाढला.

नियामक
तारीख चालेल. पुढे जाऊ नका.

पाकीटवाला_भाचा
नमस्कार, मीच तो. मामींनी लिंक पाठवली. सगळं वाचलं.

माझी बाजू ऐका. मी काही हवेतून शब्द आणला नाही. अमेरिकेत २००५च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोकडच्या काही बायकांनी जवळपास पिकलेलंच खायचं ठरवलं आणि स्वतःला 'लोकाव्होर' म्हणवून घेतलं. २००७ मध्ये न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. तिकडे भाजीवर 'लोकल' लिहिलेलं असलं की लोक आधी ती उचलतात. ताजं, शेतकरी ओळखीचा, ट्रकचा धूर कमी. पुण्यात माझ्या ऑफिसमधली अर्धी मुलं आता हाच अर्थ घेतात. पाकीट त्यांच्यासाठी आहे, अमळनेरच्या बाजारासाठी नाही. अमळनेरात पाकीट लागतंच कुणाला?

शब्दवेडा
भाचेबुवा, तुमच्या अमेरिकेनेही मोजपट्टी लावलीय. २००८च्या तिथल्या शेती कायद्यात स्थानिक माल म्हणजे उगमापासून ४०० मैलांच्या आतला, नाहीतर त्याच राज्यातला. ४०० मैल म्हणजे ६४० किलोमीटर. या हिशोबाने अमळनेरात इंदूरची शेव, सुरतची घारी आणि मुंबईचा वडापाव सगळं लोकल!

आणि पुण्याच्या दुकानात अमळनेरची बिबडी ठेवून त्यावर 'लोकल' लिहिलं तर पुण्याचा माणूस काय समजेल? हडपसरची आहे?

धुळे_स्पेअर्स
हडपसरची बिबडी :)) भाच्याचा माल आऊट.

पाकीटवाला_भाचा
हा मुद्दा मला कुणीच सांगितला नव्हता. पण तरी शब्द वाईट आहे हे मान्य नाही.

लीड्सचा_पाटील
भाच्याच्या बाजूने अर्धं मत माझं. इथे इंग्लंडमध्ये सुपरमार्केटच्या पाटीवर 'लोकल' म्हणजे किंमत वर. बटाट्याच्या पिशवीवर शेतकऱ्याचं नाव, कधीकधी फोटो. आमच्या एरंडोलच्या काकांचा फोटो कुणी वांग्यावर छापला असता तर ते आधी विचारतील, "काय गुन्हा केला मी?"

आणि इथे नाम म्हणून लोकल म्हणजे घराजवळचा पब. नवीन होतो तेव्हा ऑफिसातला एकजण शुक्रवारी म्हणाला, सातला लोकलमध्ये भेटू. मी सात वाजता स्टेशनवर.

गृहिणी_नंबर_१
मग चुकली का लोकल?

लीड्सचा_पाटील
चुकली. दुसऱ्या दिवशी कळलं की ती थांबूनच असते, रात्री अकरापर्यंत.

नंदुरबारी_तडका
मघाशी माझं वाक्य कापलं गेलं, आता मिरचीवर बोलतो, तिथे कात्री चालणार नाही.

नंदुरबारच्या मिरची बाजारात हंगामात उभं राहिलात तर डोळे आपोआप वाहतात. लाल मिरचीच्या पथारी लांबवर पसरलेल्या, बायका तोंडाला ओढणी गुंडाळून देठ खुडत बसलेल्या. तिथे व्यापारी एकमेकांशी बोलताना लोकल हा शब्द वापरतात, पण तो प्रतवारीचा नसतो. गुंटूरकडून आलेली ती गुंटूर, आणि आसपासच्या गावांतून ओली आलेली ती लोकल. नुसती ओळख. पण तीच मिरची नाशिकच्या दुकानात पोचली की पाटीवर काय लिहितात? 'नंदुरबार'. आणि त्याच दुकानात ज्या पोत्यावर काहीच लिहिलेलं नाही, त्याला दुकानदार म्हणतो, "ती लोकल आहे, घेऊ नका."

म्हणजे बघा, गावाचं नाव चाललं. लोकल नाही चाललं.

धुळे_स्पेअर्स
तडका भाऊ, हेच मी सांगत होतो, धनी नाही तो माल लोकल. तुमचं ऐकून पुढचं सुचलं. जळगावचं सोनं घ्या. मुंबई-पुण्याचे लोक लग्नाचे दागिने करायला जळगावला उतरतात. त्यांना कुणी म्हणतं का, "लोकल सोनं आणलं"? जळगावचं सोनं म्हणतात. तसंच भरीत. "वांगी कुठली?" "बामणोदची." "असोद्याची." बस, भाव ठरला. तीच वांगी लोकल म्हणून मांडा, कुणी वळून बघणार नाही.

केळीबाग_रावेर
याला सरकारी शिक्काही आहे. जळगावच्या केळीला आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नवापूरच्या तूरडाळीलाही आहे. १९९९च्या त्या कायद्याची व्याख्या मी शेतकरी गटाच्या कामासाठी वाचलीय. माल कुठल्या देशातला, प्रदेशातला किंवा त्यातल्या ठिकाणचा आहे, आणि त्याची गुणवत्ता, नावलौकिक मुख्यतः त्या भूगोलामुळे आहे का, हे बघतात. इंग्रजी मसुद्यात तिथे शब्द आहे 'लोकॅलिटी'. आला की नाही तुमचा लोकल? पण मानांकन 'लोकल केळी' म्हणून नाही मिळालं, 'जळगाव केळी' म्हणून मिळालं.

फक्त एक सांगतो. मानांकन असून पॅकहाउसचा पोरगा अजून "लोकल"च म्हणतो, आणि व्यापारी त्याच भावाने घेतो. कागद कपाटात आहे.

शब्दवेडा
आबांनी म्हटलं होतं की दुसरं काही नव्हतं तेव्हा लोकल हा शब्दच लागत नव्हता. सगळा धागा परत वाचला तर ते खरं दिसतं. प्रत्येकाच्या लोकलसमोर काहीतरी उभं आहे. केळीत एक्सपोर्ट, दुकानात कंपनी, दातात पूर्ण भूल, फोनमध्ये एसटीडी, एमआरच्या डायरीत टूर, निवडणुकीत बाहेरचा (माफी, नियामक). समोर काय आहे त्यावर लोकलची किंमत वर-खाली होते. फोनमध्ये समोर एसटीडीचं बिल होतं म्हणून लोकल लाडकं. दुकानात समोर कंपनी आहे म्हणून ते बापुडं. मामींच्या पाकिटासमोर दुकानाच्या फळीवर काय असेल? मोठ्या कंपनीचा पापड. मग त्या फळीवर लोकल कुठल्या अर्थाने वाचलं जाईल ते सांगायला नको.

चोपड्याचे_आबा
अगदी. आणि आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ आहे का? गावरान आहे. गावरान तूप, गावरान कोंबडी म्हटलं की माणूस खिशात हात घालतो.

ठाण्याचा_खानदेशी
आबा, गावरान पापड कसा असेल? गावरान म्हणजे ज्याचं बी किंवा जात जुनी. कोंबडी, आंबा, गाय, काकडी. पापड हा केलेला पदार्थ. 'गावठी' तर बिलकूल नको, त्यापुढे लोकांना कट्टा नाहीतर दारू आठवते. 'देशी'चंही तेच.

गृहिणी_नंबर_१
'घरगुती' लिहा म्हणावं तर शेडमध्ये मशिनवर लाटलेल्या पापडावरही घरगुतीच लिहिलेलं असतं. आता त्यावर कुणाचा विश्वास नाही.

वहिनी_पिंपळनेर
माझी आई अहिराणी बोलते, तिच्या तोंडी लोकल नाहीच. "आठला शे" म्हणते, म्हणजे इथला. आणि वस्तूला गावाचं नाव लावूनच बोलते. जळगावनं सोनं, बामणोदनं वांगं, अमळनेरनी बिबडी. ते 'ना-नी-नं' लागलं की कुठलं विशेषण लागत नाही.

अमळनेरची_सून, तुम्ही बिबड्या कशा करता ते लिहा ना. आमच्याकडे ज्वारी भिजवायच्या दिवसांवरून जावाजावांत भांडण होतं.

अमळनेरची_सून
वहिनी, भांडण आमच्याकडेही आहे. आम्ही ज्वारीला पाण्याचा हात लावून कांडतो, कोंडा पाखडून काढतो, मग ती भिजत घालतो. चांगला आंबूस वास सुटेपर्यंत. जाऊबाई बोटाने दाणा चिरडून बघतात, त्यांना पटलं तरच पुढे. वाटून त्याचा घाटा शिजवायचा, त्यात लसूण, मिरची, जिरं, तीळ. तो गरम असतानाच ओल्या फडक्यावर पाण्याच्या हाताने थापायचा. हात भाजतो, पण गार झाला की बिबडी जाड बसते. उन्हात वरची बाजू वाळली की फडकं उलटं करून मागून पाणी शिंपडायचं, मग ती अलगद सुटते. हे सगळं पहाटे चारला सुरू, कारण दहानंतर गच्चीवर पाय ठेवता येत नाही.

बरं, निकाल. काल रात्री गटाची बैठक झाली, मी धागा मोठ्याने वाचून दाखवला. डॉक्टरांच्या काकांवर सगळ्या हसल्या, आणि "कंपनीचं द्या" हे आता गटात म्हण झालंय. 'लोकल' काढायचं ठरलं. 'अमळनेर' मोठ्या अक्षरात जाणार. सासूबाईंचा आग्रह 'अमळनेरन्या बिबड्या' असं अहिराणीतच लिहायचा, दोघींचा विरोध आहे, त्यावर मतदान व्हायचंय.

बॅग_आणि_टाय
अहिराणीला माझं मत. पुण्यात खानदेशी माणूस तो 'न्या' वाचून तिथेच उभा राहील.

पण ताई, अक्षरांच्या नादात मागची बाजू विसरू नका. पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीसाठी फोन, एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) नंबर आणि शाकाहारी हिरवा ठिपका. यातलं एक राहिलं तरी दुकानदार परत पाठवतो. पत्ता तर छापावाच लागतो, म्हणजे स्थानिक आहे हे कायद्यानेच सांगून टाकलं.

पाकीटवाला_भाचा
मामी, ठीक आहे, शब्द काढला. पण दोन गोष्टी माझ्या ऐका. 'अमळनेर'ला मी टाकलेला तोच जाड टाइप राहू द्या, पिवळ्यावर लाल करू नका, ते फरसाणाच्या पाकिटासारखं दिसतं. आणि गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्यांचा फोटो पाठवा. बायकांचे हात दिसले पाहिजेत, चेहरे नकोत म्हणाल्या तर नकोत.

अजूनही मला वाटतं पाचेक वर्षांत हा शब्द इकडेही चांगल्या अर्थाने चालेल.

धुळे_स्पेअर्स
तेव्हा माझ्या ब्रेक शूचा भाव वाढवतो.

लीड्सचा_पाटील
ताई, बिबड्या परदेशात पाठवता येतील का? मागच्या वेळी आईने पाठवलेल्या पोचल्या तेव्हा डब्यात नुसता चुरा होता.

वहिनी_पिंपळनेर
चुरा झाला तर फेकला की काय? कच्चाच घ्या, त्यावर कच्चं शेंगदाण्याचं तेल, कांदा, भाजलेले शेंगदाणे, थोडं तिखट. आमच्याकडे मुलं मुद्दाम मोडून खातात.

अमळनेरची_सून
पाटील भाऊ, पाठवता येतील का ते कुरिअरवाल्याला विचारून सांगते. अख्ख्या पोचवायच्या तर पत्र्याच्या डब्यात उभ्या भरून मध्ये कागद घालावा लागेल, त्याचे पैसे वेगळे. चुरा हवा असेल तर तो आमच्याकडे तयारच असतो, अर्ध्या भावात देऊ.

चोपड्याचे_आबा
सूनबाई, एवढं सगळं लिहिलं, पण नागलीच्या पापडाचा भाव लिहिला नाही. मला दोन किलो हवेत.